विश्लेषण : कसनासूर-बोरियातील ४० मृत्यू आणि गट्टेपल्लीचे आठ जण… चकमकीनंतर मृताची ओळख कोण ठरवते?

भामरागड तालुक्यात इंद्रावती नदीच्या काठावर २२ एप्रिल २०१८ रोजी सकाळी गोळीबार झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत मृतांचा आकडा ४० वर गेला. गडचिरोली पोलिसांच्या इतिहासातील ही सर्वात मोठी कारवाई ठरली. त्याच आठवड्यात एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्ली या लहानशा गावातील पालक आपली आठ मुले-मुली घरी परतली नसल्याचे सांगत पुढे आले. पोलिसांच्या मते मारले गेलेले सगळे नक्षलवादी होते. पालक म्हणत होते, आमची मुले लग्नाला गेली होती. एवढ्या मोठ्या गोळीबारानंतर मृत व्यक्ती कोण होती हे कसे ठरते, त्यासाठी कायद्याने कोणती पद्धत घालून दिली आहे आणि कुटुंबाच्या हातात काय असते, याविषयी…

त्या तीन दिवसांत काय घडले?

ठिकाण होते भामरागड तालुक्यातील बोरिया आणि कसनासूर या गावांजवळचे जंगल. एटापल्ली तालुक्यात कसनसूर नावाचे मोठे गाव आहे, ते हे नव्हे. हे कसनासूर ताडगाव परिसरातले, इंद्रावतीच्या दिशेने जंगलात आत असलेले छोटे गाव. नदीपलीकडे छत्तीसगडची हद्द सुरू होते.

नक्षलवाद्यांच्या दलमांनी या भागात तळ ठोकल्याची माहिती गडचिरोली पोलिसांना मिळाली होती. त्यानुसार सी-६० या विशेष पथकाचे जवान तेथे पोहोचले आणि २२ एप्रिलच्या सकाळी गोळीबार सुरू झाला. बंदुकीच्या नळीखाली बसवलेल्या ग्रेनेड लाँचरचाही वापर झाला. पहिल्या टप्प्यात १६ मृतदेह मिळाले. साईनाथ आणि सिनू हे नक्षलवाद्यांचे वरिष्ठ कमांडर त्यात असल्याचे पोलिसांनी जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, अहेरी तालुक्यात जिमलगट्टा भागातील राजाराम खांदला जंगलात वेगळी कारवाई झाली. तेथे सहा जण मारले गेले. २४ एप्रिलला इंद्रावती नदीत मृतदेह दिसू लागले. एकाच दिवसात १५ मृतदेह पाण्यातून काढण्यात आले. जीव वाचवण्यासाठी काहींनी नदीत उड्या मारल्या असाव्यात, असे पोलिसांचे म्हणणे होते. नंतर आणखी मृतदेह सापडले आणि दोन्ही ठिकाणचे मिळून एकूण मृत ४० झाले. पोलिसांच्या बाजूने जीवितहानी झाली नाही.

गट्टेपल्लीतील कुटुंबांचे म्हणणे काय होते?

गावातील आठ तरुण-तरुणी २१ एप्रिलला कसनासूरला लग्नासाठी निघाले आणि परतलेच नाहीत, असे पालकांनी सांगितले. त्यांतील काही अल्पवयीन असल्याचेही कुटुंबांचे म्हणणे होते. एप्रिल-मे हा या भागातील लग्नसराईचा काळ. तेंदूपानाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो. एका गावातील मुले-मुली घोळक्याने दुसऱ्या गावच्या लग्नाला पायी जाणे ही माडिया समाजातील नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे दोन दिवस कोणी परतले नाही, तरी सुरुवातीला घरच्यांना काळजी वाटण्याचे कारण नव्हते.

या तक्रारीनंतर प्रकरणाला वेगळे वळण लागले. लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांच्या समन्वय समितीचे आणि वकिलांचे पथक मे २०१८ मध्ये या भागात येऊन गेले. ही दोन बाजूंची चकमक नव्हती, तर घेरून एकतर्फी गोळीबार करण्यात आला आणि त्यात गट्टेपल्लीची मुलेही मारली गेली, असा आरोप या पथकाने केला. पोलिसांनी तो फेटाळला.

पोलिसांची बाजू काय?

दलमांचा तळ होता, शस्त्रे मिळाली, मृतांमध्ये बक्षीस जाहीर झालेले कमांडर होते, हे पोलिसांचे मुद्दे. गट्टेपल्लीतील तरुण नुकतेच दलमात भरती झालेले असावेत, नव्या भरतीची नोंद लगेच होत नाही आणि घरचे लोक भीतीपोटी लग्नाचे कारण सांगत असावेत, अशी पोलिसांची मांडणी होती. मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा मार्ग असल्याचेही सांगण्यात आले.

ही बाजू समजून घेताना गडचिरोलीचा मागचा हिशेबही पाहावा लागतो. एकट्या २००९ या वर्षात नक्षलवाद्यांनी फेब्रुवारीत मरकेगाव येथे १५, मे महिन्यात हत्तीगोटा येथे १६ आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरी येथे १७ पोलिसांना ठार केले. हत्तीगोट्याच्या मृतांमध्ये पाच महिला पोलीस होत्या. कसनासूरनंतर वर्षभराने, १ मे २०१९ रोजी, कुरखेडा तालुक्यात जांभूरखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. कसनासूरमध्ये मारल्या गेलेल्या ४० जणांच्या स्मरणार्थ नक्षलवाद्यांनी पाळलेला आठवडा त्या वेळी शेवटच्या टप्प्यात होता.

सी-६० ची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. १९९० साली के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने ६० जवानांचे हे पथक उभे राहिले. त्यात स्थानिक तरुण घेण्यात आले, कारण त्यांना जंगलातल्या वाटा आणि माडिया-गोंडी भाषा येत होती. दुसरीकडे दलमातील खालची फळीही याच गावांमधून आलेली. म्हणजे एकाच तालुक्यातील, अनेकदा एकाच आडनावाची मुले समोरासमोर उभी राहिली. त्यामुळे पेहराव, भाषा किंवा आडनाव यांवरून कोण दलमातला आणि कोण गावातला हे सांगता येत नाही. त्यासाठी कागदोपत्री आणि वैज्ञानिक पुरावाच लागतो.

अशा गोळीबारानंतर कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांचे ते खंडपीठ होते. मूळ प्रकरण मुंबईचे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ जणांचा मृत्यू झाला होता. पोलीस कारवाईत मृत्यू झाल्यास काय करायचे, याचे १६ मुद्दे या निकालाने घालून दिले. ते देशभर कायद्याइतकेच बंधनकारक आहेत. नक्षलग्रस्त भागाला त्यातून वेगळी सूट नाही. त्यांतील मुख्य मुद्दे असे :

• कारवाईआधी मिळालेल्या गुप्त माहितीची नोंद लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवावी.

• गोळीबारात मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवून तो विनाविलंब न्यायालयाकडे पाठवावा.

• तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा. तपासावर देखरेख करणारा अधिकारी कारवाईच्या प्रमुखापेक्षा किमान एक पद वरचा असावा.

• मृताची ओळख पटवण्यासाठी त्याचे रंगीत छायाचित्र काढावे. घटनास्थळावरील रक्ताने माखलेली माती, केस, धागे असे पुरावे जपावेत.

• शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवावे.

• प्रत्येक प्रकरणात दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी.

• राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाला तातडीने कळवावे.

• मृताच्या जवळच्या नातेवाइकांना शक्य तितक्या लवकर माहिती द्यावी.

• वापरलेली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत.

• घटनेनंतर लगेच कोणालाही आउट ऑफ टर्न बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच त्याची शिफारस व्हावी.

या यादीत कारवाई खरी की खोटी, असा निष्कर्ष आधीच गृहीत धरलेला नाही. पोलिसांना स्वसंरक्षणाचा अधिकार आहेच. तो योग्य रीतीने वापरला गेला का, हे कारवाई करणाऱ्या पथकाशिवाय दुसऱ्या कोणीतरी तपासावे, एवढाच या निकालाचा आग्रह आहे. संयुक्त राष्ट्रांचा ‘मिनेसोटा प्रोटोकॉल’ही संशयास्पद मृत्यूच्या तपासासाठी हीच दिशा दाखवतो. तो प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये सुधारण्यात आला.

ओळख पटवणे एवढे अवघड का?

पहिली अडचण अंतराची. इंद्रावतीकाठच्या गावातून गडचिरोलीला पोहोचायला पूर्ण दिवस लागू शकतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एप्रिलमध्ये पूर नसतो, पण गाडीभाडे असते आणि बुडणारी रोजी असते. मृतदेहांची ओळख पटवण्याचे काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी चालते.

दुसरी अडचण भाषेची. माडिया बोलणाऱ्या आई-वडिलांचा जबाब मराठीत लिहिला जातो. मध्ये दुभाषी असतो. तो बहुतेक वेळा पोलीस खात्यातलाच कोणीतरी असेल, तर पालक किती मोकळेपणाने बोलतील हा प्रश्न उरतो.

तिसरी अडचण कागदांची. दलमात गेलेल्या व्यक्तीला नवे नाव मिळते. पोलिसांच्या यादीत ते नाव असते, तर घरच्यांना मूळ नाव माहीत असते. दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे जुळवायला छायाचित्र, शाळेचा दाखला, आधारची नोंद किंवा अंगावरच्या खुणा लागतात. नदीत दोन दिवस राहिलेल्या मृतदेहाच्या चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. तेथे डीएनए हाच भरवशाचा मार्ग. आई-वडिलांच्या रक्ताचा किंवा लाळेचा नमुना मृतदेहाच्या नमुन्याशी ताडून पाहिला, तर नाते पक्के सांगता येते. मात्र डीएनए चाचणी फक्त नाते सांगते. मृत व्यक्ती तळावर स्वतःहून गेली होती, तिला नेण्यात आले होते की ती वाटेत सापडली होती, हे डीएनए सांगू शकत नाही. त्यासाठी साक्षीदार, हातांवरील बारुदाच्या कणांची तपासणी, जखमांची दिशा आणि घटनास्थळाचा नकाशा लागतो.

म्हणूनच ओळख पटली म्हणजे चौकशी संपली, असे होत नाही. आठ जणांपैकी कोण मृतांमध्ये होते हा एक प्रश्न. ते तेथे कोणत्या कारणाने होते हा दुसरा प्रश्न. त्यांच्यावर गोळी झाडणे त्या क्षणी अपरिहार्य होते का, हा तिसरा. दोन्ही बाजूंच्या चर्चेत हे तीन प्रश्न बऱ्याचदा एकत्र केले जातात. मुलगा लग्नाला गेला होता हे सिद्ध झाले की कारवाई खोटी आणि तो दलमात होता हे सिद्ध झाले की विषय बंद, अशी मांडणी होते. कायदा तिन्ही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे मागतो.

अल्पवयीन मुले दलमात असतील तर?

नव्याने भरती झालेला मुलगा १६-१७ वर्षांचा असेल तर कायद्याच्या नजरेत तो आधी बालक ठरतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ नुसार कोणत्याही सशस्त्र गटाने १८ वर्षांखालील मुलाला भरती करणे किंवा कोणत्याही कामासाठी वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे अशा मुलाला दलमात नेणारा गुन्हेगार आणि ते मूल त्या गुन्ह्याचे बळी. एखाद्या गावातून एकाच वेळी आठ जण नाहीसे झाले आणि त्यांत अल्पवयीन होते, तर त्यांना कोणी नेले याचा तपासही तितकाच महत्त्वाचा असतो.

इंद्रावतीपलीकडचा अनुभव काय सांगतो?

शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात अशाच दोन घटनांची न्यायालयीन आयोगामार्फत चौकशी झाली. सारकेगुडा येथे जून २०१२ मध्ये रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ गावकरी मारले गेले. नक्षलवाद्यांशी चकमक झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. गावकऱ्यांच्या मते ते ‘बीज पंडुम’ या पेरणीच्या सणाच्या तयारीसाठी जमले होते. न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये समोर आला. मृत व्यक्ती नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यात होता.

त्याच जिल्ह्यातील एडसमेटा येथे मे २०१३ मध्ये आठ गावकरी मारले गेले. तेथेही बीज पंडुमसाठी लोक जमले होते. या घटनेतही आयोगाने मृत गावकरी नक्षलवादी असल्याचे मान्य केले नाही आणि जवानांनी घाबरून गोळीबार केला असावा, असे नमूद केले. हा अहवाल २०२२ मध्ये विधानसभेत मांडला गेला.

या दोन प्रकरणांवरून कसनासूरबाबत थेट निष्कर्ष काढता येत नाही. कसनासूरमध्ये वरिष्ठ कमांडर मारले गेले होते, त्यामुळे परिस्थिती वेगळी होती. मात्र एक गोष्ट दोन्ही अहवालांतून दिसते. स्वतंत्र चौकशी झाली तेव्हाच पहिल्या दिवसाची माहिती आणि पुराव्यातून निघालेली माहिती यांतला फरक कळला. त्यासाठी सारकेगुड्याच्या लोकांना सात आणि एडसमेट्याच्या लोकांना जवळपास नऊ वर्षे थांबावे लागले.

गोळीबारानंतर कसनासूरचे काय झाले?

गावकऱ्यांसाठी प्रकरण २२ एप्रिलला संपले नाही. जानेवारी २०१९ मध्ये नक्षलवाद्यांनी कसनासूरच्या काही गावकऱ्यांना उचलून नेले आणि त्यांतील तिघांची हत्या केली. मृतदेह रस्त्यावर टाकण्यात आले. त्यांनीच पोलिसांना माहिती दिल्यामुळे ४० जण मारले गेले, असा आरोप तेथे लावलेल्या बॅनरवर होता. या हत्यांनंतर भेदरलेल्या गावकऱ्यांनी घरे सोडली आणि ताडगाव पोलीस मदत केंद्राचा आसरा घेतला.

खबऱ्या ठरवून आदिवासींना मारण्याची पद्धत गडचिरोलीत नवी नाही. गेल्या चार दशकांत जिल्ह्यात शेकडो सामान्य नागरिक नक्षलवाद्यांनी मारले आहेत. तेथे गुन्हा नोंदवला जातो, पण आरोप सिद्ध करणारा पुरावा, बचावाची संधी किंवा अपील यांपैकी काहीही मृताच्या वाट्याला आलेले नसते. पोलिसांच्या गोळीबाराला किमान १६ मुद्द्यांची चौकट आहे. ती पाळली जाते की नाही, हे विचारता येते. जंगलातल्या ‘जनअदालती’ला हा प्रश्न विचारण्याची सोय नाही.

कुटुंबांपुढे कोणते मार्ग असतात?

चकमकीतील मृत्यूबाबत पद्धत पाळली गेली नाही असे वाटल्यास मृताचे कुटुंब थेट जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकते. ही तरतूद २०१४ च्या निकालातच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. मात्र घटनेला एक वर्ष उलटल्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही, अशी अट १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात आहे. अर्ज हिंदी, इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत करता येतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, गोंडी आणि माडिया नाहीत. त्यामुळे अर्ज लिहिण्यासाठी मराठी येणाऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी लागते.

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले, तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये तशी तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर संपर्क साधता येतो.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

गडचिरोलीतील सशस्त्र संघर्ष उताराला लागला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथील चकमकीत मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. जुलै २०२४ मध्ये वांडोली येथे १२ नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय समितीचा सदस्य भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. देश नक्षलमुक्त करण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही कालमर्यादा जाहीर केली होती.

चंद्रपूरपासून वेगळा होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून या संघर्षाची सावली त्याच्यावर आहे. आता आत्मसमर्पण केलेले तरुण त्याच गावांमध्ये परतत आहेत, जिथे पोलीस जवानांची घरे आहेत, खबऱ्या म्हणून मारल्या गेलेल्यांची घरे आहेत आणि गट्टेपल्लीतल्यासारखे मुलांची वाट पाहिलेले पालकही आहेत. या सगळ्यांना एका गावात राहायचे आहे. आपला माणूस कुठे गेला, कसा गेला आणि सरकारी कागदावर त्याची नोंद काय आहे, हे कुटुंबाला कळले तर मृत्यूचा दाखला निघतो, सातबारावर वारसांची नावे लागतात आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो. ते कळले नाही, तर ही सगळी कामे अडून राहतात.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २०१४ च्या निकालातील मुद्द्यांप्रमाणे प्रत्येक चकमकीची दंडाधिकारी चौकशी वेळेत पूर्ण होणे, तिचा अहवाल कुटुंबाला समजेल अशा भाषेत मिळणे आणि जबाब घेताना पोलीस खात्याबाहेरचा माडिया दुभाषी उपलब्ध असणे, या तीन गोष्टी जिल्हा पातळीवरच करता येण्यासारख्या आहेत.